लहान गाडी, खरें माप



आज ज्या विषयावर चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे तो प्रथमदर्शनीं पोरखेळाचा वाटण्याचा संभव आहे. आगगाडी, विमान, जहाज किंवा इमारत यांची प्रमाणबद्ध लहान प्रतिकृति तयार करणें, आणि अशा प्रतिकृति करणाऱ्या हौशी मंडळींनीं महिन्यांतून एकदां एकत्र जमून परस्परांचें काम पाहणें, हा तो विषय होय. प्रौढ, कर्ते, संसारी लोक हातांत वीतभर इंजिन घेऊन त्याच्या चाकांविषयीं तासन् तास वाद घालतात, हें ऐकून कोणास हंसूं येईल. परंतु या छंदास सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. आणि आम्हां वऱ्हाडकरांना त्यापासून घेण्यासारखें कांहीं आहे, तेंही लवकर घेण्यासारखें आहे, असें माझें मत आहे.

लहान प्रतिकृतीचें कौतुक आपणांस नवीन नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा भरतो. नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांनीं १८०६ सालीं तो सुरू केला, असें परंपरा सांगते. त्या दिवशीं मुलें आपापले लांकडी बैल सजवून मैदानांत आणतात, ते ओळीनें उभे राहतात, वडीलधारी मंडळी त्यांची पाहणी करतात आणि चांगल्या बैलास बक्षीस मिळतें. तिकडे देशावर दिवाळींत मुलें अंगणांत मातीचे किल्ले रचतात. दोन्ही चाली गोड आहेत. परंतु त्यांत एक गोष्ट नसते, ती म्हणजे माप. लांकडी बैलाची मान खऱ्या बैलाच्या हिशेबानें किती लांब असावी, हें कोणी विचारीत नाहीं. मातीच्या किल्ल्यावरील मावळा किल्ल्याच्या दरवाज्याहून उंच असला तरी कोणाचें बिघडत नाहीं. खेळणें आणि प्रतिकृति यांत भेद आहे तो एवढाच. खेळणें पाहून मूळ वस्तु आठवते. प्रतिकृति मोजून मूळ वस्तु कळते.

हें माप म्हणजे काय, तें एका उदाहरणानें सांगतों. जगांत आगगाडीच्या प्रतिकृतींचें सर्वांत रूढ प्रमाण एकास सत्याऐंशी हें आहे. म्हणजे मूळ वस्तूची सत्याऐंशी मिलिमीटर लांबी प्रतिकृतींत एक मिलिमीटर होते. साडेपांच फूट उंचीचा मनुष्य या हिशेबानें एकोणीस मिलिमीटरांचा, बोटाच्या पेरापेक्षांही लहान होतो. परंतु लांबी सत्याऐंशीपट घटली कीं वजनही तेवढेंच पट घटतें असें समजूं नये. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही घटतात, म्हणून घनफळ सहा लक्ष अठ्ठावन्न हजारांहून अधिक पटींनीं कमी होतें. शंभर टनांचें इंजिन त्याच द्रव्याचें या मापानें केलें तर त्याचें वजन अवघें दीडशे ग्रॅम भरेल. मग त्याच्या चाकांस रुळावर पकड मिळत नाहीं, म्हणून कारागीर त्याच्या पोटांत शिशाचा किंवा दुसऱ्या जड धातूचा तुकडा घालतो. शाळेंत घनमूळ शिकतांना जांभया देणारा मुलगा असल्या इंजिनाजवळ बसला म्हणजे आपण होऊन हिशेब करूं लागतो, हें पुष्कळ शिक्षकांच्या अनुभवास आलें असेल.

आतां थोडा इतिहास. जर्मनींतील मेर्कलिन नांवाच्या कारखान्यानें १८९१ मध्यें लाइपझिगच्या जत्रेंत ठराविक अंतराच्या रुळांवर चालणाऱ्या खेळण्यांतील गाड्या मांडल्या. रुळांचें अंतर एकदां ठरलें म्हणजे एका घरची गाडी दुसऱ्या घरच्या रुळांवर चालूं शकते. हा लाभ लहान नव्हे. पुढें १८९८ च्या जानेवारींत पर्सिव्हल मार्शल या इंग्रज गृहस्थानें लंडनमध्यें हौशी यंत्रकारांसाठीं एक नियतकालिक काढलें, आणि त्याच वर्षीं अशा हौशी मंडळींची एक संस्थाही तेथें उभी राहिली. १९०१ मध्यें लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यानें भोंकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू यांच्या खेळाचें पेटंट घेतलें. तोच पुढें मेकॅनो या नांवानें आपल्याकडील सुखवस्तु घरांतही पोंचला. १९१० मध्यें लंडनमध्यें आगगाडीच्या प्रतिकृति करणाऱ्यांचा स्वतंत्र क्लब निघाला. तो आजही चालू आहे.

या क्लबांच्या मासिक बैठकींत चालतें तरी काय? भाषणें थोडीं आणि हातांनीं करून दाखविणें फार. सभासद आपलें काम घेऊन येतात, आणि चांगल्या क्लबांत पुरें झालेल्या कामापेक्षां अपुऱ्या कामास अधिक मान असतो. एका मेजावर रंग न दिलेला डबा, चाक न बसणारें इंजिन, वांकडी झालेली पुठ्ठ्याची भिंत अशा वस्तु मांडलेल्या असतात. कोणी पितळी पत्र्यास डाख कसा द्यावा तें दाखवितो. कोणी जुना आराखडा आणतो. कोणी मोजणीची सूक्ष्म पट्टी काढून खिडक्यांचें अंतर तपासतो. रंग दिल्यावर चूक झांकली जाते. म्हणून रंग देण्यापूर्वीं चार डोळ्यांनीं पाहणें, हा त्या बैठकीचा खरा उपयोग आहे. कांहीं क्लबांनीं आणखी एक युक्ति काढली. प्रत्येक सभासदानें ठरलेल्या मापाची एक फळी आपल्या घरीं करावयाची, तिच्या दोन्ही टोकांस रूळ ठरलेल्या जागींच यावयाचे, आणि सर्वांनीं एकत्र जमून त्या फळ्या जोडावयाच्या. मग एकाच्या घरांतून निघालेली गाडी दुसऱ्याच्या पुलावरून तिसऱ्याच्या स्टेशनांत जाते. शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्यासही अशा रीतीनें मोठ्या रेल्वेचा भागीदार होतां येतें.

माप खरें असलें म्हणजे त्याचें मोल काय होतें, याचा प्रत्यय दुसऱ्या महायुद्धांत आला. १९४२ च्या आरंभीं अमेरिकेच्या आरमारानें देशांतील विद्यार्थ्यांकडून विमानांच्या पांच लक्ष प्रतिकृति मागविल्या. प्रमाण एकास बहात्तर, आणि रंग काळा. अशी प्रतिकृति पस्तीस फुटांवर धरली म्हणजे सुमारें अर्ध्या मैलावरील खरें विमान जसें दिसेल तशी ती दिसते. शत्रूचें विमान कोणतें आणि मित्राचें कोणतें, हें सैनिकांस तिच्यावरून शिकविलें जाई. पंखाचा कोन चुकला तर आपल्याच माणसावर तोफ डागली जाण्याचा धोका होता. शाळेंतील मुलाच्या हातच्या कानशीवर माणसाचा जीव अवलंबून असूं शकतो, हें त्या काळानें दाखविलें.

आतां आपल्या लोकांकडे वळूं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यांत मेजवानीच्या मेजावर रूळ घातलेले आहेत आणि त्यांवरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढें मद्य व चिरूट नेत असे, हें पुष्कळांनीं ऐकलें असेल. हौस खरीच राजेशाही. परंतु ती एका घराण्याची हौस होती. मध्यमवर्गीय मराठी माणसानें हा छंद चिकाटीनें केला तो पुण्यांत. भाऊ जोशी यांनीं लहान गाड्यांचा आपला संसार वाढवीत नेला आणि १९८४ मध्यें पुण्याच्या गोपाळ हायस्कुलांत त्याचें प्रदर्शन मांडलें. परंतु एवढा पसारा दर वेळीं मांडणें आणि मोडणें सोपें नाहीं. म्हणून १९९१ मध्यें त्यांनीं कायमच्या संग्रहालयाचें काम हातीं घेतलें, आणि १ एप्रिल १९९८ रोजीं कोथरुडांत तें लोकांसाठीं उघडलें. त्याचें प्रमाण तेंच, एकास सत्याऐंशी. वाफेच्या इंजिनापासून जर्मनींतील अतिवेगवान गाडीपर्यंत नाना प्रकारच्या गाड्या तेथें एकाच वेळीं धावतात, सिग्नल पडतात व उठतात, आणि खोलीतील उजेड मंदावला म्हणजे त्या चिमुकल्या शहरांत दिवे लागतात. मुलांना घेऊन गेलेले आईबापच तेथें अधिक वेळ रेंगाळतात.

तें पाहून एक विचार मनांत येतो. जर्मनींतील गाडीची प्रतिकृति तयार मिळते, कारण तेथील लोकांनीं आपली गाडी मोजून ठेविली आहे. आपल्या गाड्यांचें काय? आपला रुंद रूळ साडेपांच फुटांचा. एकास सत्याऐंशी या प्रमाणांत तो एकोणीस मिलिमीटरांहून किंचित् अधिक व्हावा. परंतु बाजारांतील या प्रमाणाचा रूळ साडेसोळा मिलिमीटरांचा असतो, कारण तो युरोपांतील चार फूट साडेआठ इंच रुळावरून बेतलेला आहे. त्यावर आपलें इंजिन उभें केलें कीं तें साडेनऊ इंच अरुंद रुळावर उभें राहिलें असा अर्थ होतो. दुसऱ्याच्या मापांत आपली वस्तु बसविली म्हणजे असें घडावयाचेंच.

आणि येथेंच वऱ्हाडचा प्रश्न येतो. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडांतून १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. त्या मार्गावरील मूर्तिजापूर स्टेशनापासून किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या कंपनीनें दोन अरुंद फांटे काढले; एक दर्यापूर, अंजनगांववरून अचलपुरास सुमारें ७६ किलोमीटर, आणि दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळास ११३ किलोमीटर. रुळांतील अंतर अवघें अडीच फूट. येथला कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबईस आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांत पाठवावा, हा हेतु होता. १९२१ मध्यें मँचेस्टरला बांधलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून या मार्गावर चालूं लागलें आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, राबलें. त्यानंतर डिझेलचें इंजिन आलें. देशांतील रेल्वे सरकारी झाल्यावरही या मार्गाची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली, ही एक नवलाची गोष्ट. लोकांनीं या गाडीस ‘शकुंतला’ हें लाडकें नांव दिलें. ती सावकाश चाले, परंतु गरिबाच्या तिकिटांत चाले. आतां ती बंद आहे. मार्ग रुंद करण्याच्या घोषणा झाल्या आहेत. आणि तसें खरोखरच झालें तर लोकांची सोयच होईल, त्याविरुद्ध माझें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु त्या दिवशीं जुने पूल, लहान फलाट, हातानें ओढावयाचे सिग्नल, पाण्याच्या टाक्या आणि स्टेशनांच्या खोल्या यांचें काय होईल, तें सांगावयास ज्योतिषी नको.

गंमत अशी कीं हिशेबाच्या बाजूनें शकुंतला प्रतिकृति करणाऱ्यास फार सोयीची आहे. तिचा अडीच फुटांचा रूळ सत्याऐंशीनें भागिला तर पावणेनऊ मिलिमीटर येतो, आणि नऊ मिलिमीटरांचा रूळ बाजारांत तयार मिळतो. रुंद गाडीचें माप जेथें पावणेतीन मिलिमीटरांनीं चुकतें, तेथें शकुंतलेचें अवघें पाव मिलिमीटरानें चुकेल. अर्थात् यवतमाळचा सबंध मार्ग याही प्रमाणांत तेराशे मीटर भरेल, तेवढी जागा कोणाच्याही घरीं नाहीं. म्हणून स्टेशनें निवडावीं लागतील. एकानें मूर्तिजापूर घ्यावें, एकानें कारंजा, एकानें अचलपूर. आणि मघां सांगितलेल्या रीतीप्रमाणें फळ्या जोडाव्या.

यास फार पैसा लागत नाहीं. अमरावती, अकोला, यवतमाळ किंवा आमच्या गुरुकुंज मोझरीसारख्या रस्त्यावरच्या गांवींही आठदहा मंडळी महिन्यांतून एका रविवारीं जमूं शकतील. त्यांत एक सुतार असावा, एक पत्र्याचें काम जाणणारा असावा, एक शाळामास्तर हिशेबास असावा, आणि ज्यानें या गाडीवर नोकरी केली असा एक वृद्ध मनुष्य असला तर त्यास मानाची जागा द्यावी. पहिले कांहीं महिने प्रतिकृतीस हात घालूंच नये. परवानगी काढून, फीत आणि वही घेऊन स्टेशनावर जावें. दाराची उंची, खिडकीची रुंदी, फलाटाची लांबी, छपराचा उतार हीं मापें घ्यावीं. छायाचित्र काढतांना वस्तूशेजारीं एक मोजपट्टी उभी धरावी, म्हणजे पुढें तें छायाचित्रही मोजतां येतें. भिंतीचा रंग कोणता होता, गार्ड कोठें उभा राही, कापसाच्या गांठी कोणत्या बाजूनें चढवीत, हें त्या वृद्धास विचारून लिहून घ्यावें. पुढच्या बैठकींत हीं मापें सर्वांनीं पडताळावीं आणि दोन वह्यांत भेद आढळला तर पुन्हां जाऊन मोजावें. पुठ्ठा, पितळ आणि रंग हें सारें त्यानंतर.

रूळ उखडल्यानंतरही वर्णनें लिहितां येतात, आठवणी सांगतां येतात. परंतु दाराची उंची मात्र दार उभें असतांनाच मोजावी लागते. या उन्हाळ्यांत सुट्टीस आलेल्या मुलांना घेऊन कोणी मूर्तिजापुरास गेलें आणि एका फलाटाचीं मापें एका वहींत नीट उतरून आलें, तरी मंडळाची पहिली बैठक झाली असें मी समजेन.