पाखाडीचं माप

बांधकाम खात्यात टेप धरण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे जुनी पाखाडी, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट, दिसली की मी आधी तिची पायरी बघतो. चढ वीतभरही नसतो आणि पायरी अशी ऐसपैस की एक पाऊल टाकून दुसरंही तिच्यावरच टेकवता येतं. डोक्यावर भाताचा भारा नाहीतर मासळीची पाटी घेतलेल्या बाईची मान हिंदकळू नये, असा तो हिशेब. दोन्ही अंगांना गडगा आणि एका कडेने पाण्याला वाट. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाण्याची वाट चुकली, तर चिरा दुसऱ्या पावसाळ्यालाच निखळतो. ज्या पाखाड्या टिकल्या, त्या या कडेच्या गटारामुळे. हे आमच्या कुठल्याही अंदाजपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

चिरा जांभ्याचा. खाणीतून काढताना तो टिकावाने तासता येतो, पुढे वारा लागला की घट्ट होतो. पावसात शेवाळतो, हाही त्याचा गुण. म्हणून गणपतीच्या आधी वाडीतली माणसं पाखाडी खरवडायची, कडेचं रान बेणायची. मूर्ती डोक्यावरून यायची ती याच वाटेने.

कोकणात गाडीरस्ता उशिरा आला. घाटावरचा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून उतरायचा आणि गावातला माणसाच्या डोक्यावरून फिरायचा. मुंबईहून येणारा चाकरमानी आगबोटीतून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर उतरला की पुढे चालायचाच. सोबत ट्रंक उचलायला एखादा गडी. त्या काळी रस्ता म्हणजे चालणाऱ्याचाच, कारण दुसरं कोणी त्याच्यावर नव्हतंच.

सगळ्या चालणाऱ्यांचा मात्र नव्हे. पाखाडीच्या आठवणी काढताना आपण हे सोयीने गाळतो. कोणी कुठल्या वाटेने जायचं, कोणी बाजूला व्हायचं, हे जातीने ठरलेलं होतं. रत्नागिरीत 1931 साली भागोजी कीर यांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभं राहिलं आणि सगळ्या जातींना एका दारातून आत घेतलं, तेव्हा त्याची चर्चा मुंबई-पुण्यापर्यंत का झाली, ते वाटांचे हे नियम ठाऊक असले तरच कळतं. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. पायरीचं माप तेवढं चांगलं होतं.

1948 साली एस.टी. सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत गावोगाव पोचली. तिला सहा इंचांची पायरी चालत नाही. पाखाड्या फोडून, कडेने वळवून, कुठे तशाच गाडून डांबरी रस्ते झाले. ते व्हायलाच हवे होते. आजारी माणसाला डोलीत घालून किती काळ न्यायचं? पण एक गोष्ट तेव्हा निसटली. गाडीला रस्ता दिला, तेव्हा चालणाऱ्याची वाट तिच्या शेजारी ठेवायचं कोणाला सुचलं नाही. तो डांबराच्या कडेला, गटाराच्या फुटक्या झाकणावर गेला. तिथून अजून वर आलेला नाही.

सायकलचं रत्नागिरीत कधी पुरतं जमलं नाही. तासाच्या भाड्याने घेऊन, नळीखालून पाय घालून कैची मारत आम्ही शिकलो, पण राम आळीतून मारुती मंदिराकडे चढताना उतरून ढकलावीच लागे. वरच्या सड्यावर मात्र, मारुती मंदिर ते साळवी स्टॉप, सपाट रस्ता. सायकलसाठी शहरात याहून चांगली जागा नाही, आणि आज तिथे सायकल घालायला सगळ्यात जास्त भीती वाटते.

डिप्लोमासाठी मी पुण्यात होतो. तिथे सायकल म्हणजे पायच. कॉलेज सुटलं की डेक्कनवर सायकलींचा लोंढा. 1976 साली जंगली महाराज रस्त्याचं काम झालं, ते पुढे दंतकथा बनलं. मुंबईच्या पारशी बंधूंच्या रेकॉन्डो कंपनीने हॉटमिक्स पद्धतीने तो केला आणि खड्डे पडणार नाहीत अशी दहा वर्षांची हमी दिली. खड्डे पुढची कित्येक दशकं पडले नाहीत. आमच्या खात्यात त्या रस्त्याचं नाव निघालं की दोन मिनिटं सगळे गप्प बसत. टेंडरं आम्हीही बघितलेली होती.

पण माझ्या मते त्या रस्त्याचं मोठं काम 1976 चं नव्हे. ते चाळीस वर्षांनी झालं. 2016 च्या सुमारास पुणे महापालिकेने पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं केली, आणि नंतर याच रस्त्यावर वाहनांची रुंदी काढून पदपथाला दिली. बसायला बाक आले, झाडं न तोडता मध्ये घेतली, सायकलला पट्टा आखला. त्याआधी 2006 साली सातारा रस्त्यावर बीआरटी आली तेव्हाही सायकलमार्ग होते. ते जागोजाग तुटले, अडले. 2017 च्या डिसेंबरात सायकल आराखडाही मंजूर झाला, त्यातलं बरंच कागदावरच राहिलं. जंगली महाराज रस्त्यावरही सायकलच्या पट्ट्यावर मोटारसायकली उभ्या दिसतात. पदपथ मात्र टिकला, कारण त्याच्यावर माणसं असतात. बालगंधर्वला नाटक सुटल्यावर तिथे जाऊन बघावं. 2021 पासून 11 डिसेंबरला पुण्याने पादचारी दिन ठरवला आणि त्या पहिल्या वर्षी लक्ष्मी रस्त्याचा तुकडा वाहनांना बंद ठेवला. एक दिवसच, पण दुकानदारांनी आकाश कोसळल्याचं सांगितलेलं मला तरी आठवत नाही.

आमच्याकडे रत्नागिरीत सध्या चौपदरीकरणाचे दिवस आहेत. साळवी स्टॉप, कुवारबाव, पुढे हातखंब्याकडे, सगळीकडे मिऱ्या-नागपूर महामार्गाची भाषा. काँक्रीट चांगलंच, पावसात डांबराचे हाल मी नोकरीभर बघितले. पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांविषयीच्या 2012 च्या पुस्तिकेत साफ लिहिलंय: पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर, बाजारपेठेत 2.5 मीटर, आणि कडेच्या दगडाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे सहा इंच. पाखाडीच्या पायरीएवढंच.

तेव्हा पुढल्या वेळी रुंदीकरणाचा नकाशा नगरपरिषदेत लागेल, त्या दिवशी जाऊन पदपथाचं माप विचारा. 1.8 मीटर धरलंय का, विजेचे खांब त्याच्या आत आहेत की बाहेर, आणि गटाराची झाकणं पदपथाच्या पातळीत बसणार आहेत का, एवढं लेखी मागा.