गिळण्याचें दर्शन

घास तोंडांतून उतरला कीं पुढें काय घडतें, हें निरोगी मनुष्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. वस्तुतः घशांत अन्नाची वाट व श्वासाची वाट एकमेकींना छेदून जातात. घास उतरतांना श्वासाचें दार क्षणमात्र मिटावें लागतें. पक्षाघात झालेल्या रोग्याचें हें दार कधीं कधीं वेळेवर मिटत नाहीं. अन्नाचे कण फुप्फुसांत उतरतात, आणि कित्येकदां साधा ठसकाहि लागत नाहीं. घरचीं माणसें मायेनें भरवीत असतात, आणि त्याच घासानें न्युमोनिया जडतो. ही मुकी चूक डोळ्यांना दिसावी, यासाठीं वैद्यकशास्त्रास फार लांबचा पल्ला गांठावा लागला.

इ. स. १८०६ मध्यें फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी यानें मेणबत्तीच्या उजेडावर शरीराच्या पोकळ्या पाहण्याचें एक यंत्र प्रसिद्ध केलें. परंतु घशाचें दार प्रथम स्पष्टपणें दाखविलें तें वैद्यानें नव्हे, तर मॅन्युएल गार्सिया या गायनाचार्यानें. १८५४ त पॅरिस येथें त्यानें दंतवैद्याचा छोटा आरसा घशांत धरला, हातांतील दुसऱ्या आरशानें सूर्यप्रकाश आंत पाडला, आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. १८५५ त लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें तिचें वर्णन आलें. त्याचा शोध स्वराचा होता. पण सूर काढणारे तेच तंतु घास उतरतांना श्वासमार्गाची राखण करतात.

१८६८ मध्यें फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल यानें अन्ननलिकेंत ताठ नळी घालून पाहिली. घशाला परक्या वस्तूचा स्पर्श होतांच उबळ येते. म्हणून त्यानें तलवार गिळण्याचा खेळ करणारा एक मनुष्य निवडला. यांतली विसंगति मोठी बोलकी आहे. अन्नाचा मार्ग पाहण्यासाठीं घशाची स्वाभाविक क्रिया आवरण्यास शिकलेला मनुष्य लागला! वाट दिसली, गिळणें दिसलें नाहीं.

अडचण नळीच्या ताठपणाची होती. १९५४ त लंडनमध्यें हॅरोल्ड हॉपकिन्स आणि पंजाबांत जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं बारीक काचतंतूंच्या लवचिक जुडग्यांतून चित्र वाहून नेतां येतें, हें दाखवून दिलें. १९५७ त बेसिल हर्शोविट्झ यांनीं त्या तत्त्वावर केलेली जठरदर्शिका प्रथम स्वतःच्याच घशांतून उतरविली. १९६८ पर्यंत जपानांत सावाशिमा व हिरोसे यांनीं स्वरयंत्र पाहण्याची लवचिक दुर्बीण सिद्ध केली.

अखेर १९८८ मध्यें अमेरिकेच्या सुसान लँगमोर व त्यांचे सहकारी यांनीं गिळण्याच्या परीक्षेची पद्धति प्रसिद्ध केली. बारीक नळी नाकावाटे घशाच्या वर थांबते, म्हणून तोंड खाण्यास मोकळें राहतें. रोग्यास त्याच्या खाटेवरच रंगविलेलें पाणी किंवा मऊ घास देतां येतो. ऐन गिळण्याच्या क्षणीं घसा नळीभोंवतीं मिटतो व चित्र पांढरें होऊन जातें. तें पुन्हां उजळतें तेव्हां रंगाचा माग पाहावयाचा: तो खळग्यांत साचला आहे, कीं स्वरतंतूंच्या खालीं गेला आहे? पाणी दाट करून द्यावें, मान झुकवून गिळावयास लावावें, कीं तूर्त तोंडानें कांहींच देऊं नये, हें त्यावरून ठरतें.

गार्सियाच्या आरशापासून या क्षणापर्यंत १३४ वर्षें लोटलीं. रोग्याला निर्धास्तपणें एक घास भरवितां यावा, एवढ्यासाठीं!