वणवा, कायदा आणि वारा

कचेरीत नोकरी करता करता कायद्याची कलमे वाचायचा मला नाद लागला आहे. गोवामुक्तीनंतर आपल्याकडे लागू झालेल्या १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे कलम २६ पाहा. वनाधिकाऱ्याने जाहीर केलेला हंगाम सोडून राखीव जंगलात आग पेटवणे, ठेवणे किंवा घेऊन जाणे हा गुन्हा. शिवाय मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने वणवा लावला गेला, तर त्या जंगलातले चराईचे व वनोपजाचे सगळे हक्क सरकार स्थगित करू शकते. म्हणजे काडी ओढणार एक आणि गुरे अडणार साऱ्या गावाची!

या कलमात हंगाम आहे, वारा मात्र कुठेच नाही. वाऱ्याची किंमत ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याला फार महाग पडून कळली. १३ जानेवारी १९३९, शुक्रवार. तिकडे तो ऐन उन्हाळा. मेलबर्नमध्ये पारा ४५.६ अंशांवर आणि वर उत्तरेकडचा कोरडा, सोसाट्याचा वारा. आधीपासून रानात धुमसणाऱ्या आगी भडकून एकमेकींना मिळाल्या. त्या वणव्यांत ७१ माणसे गेली. न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाला आढळले, की बहुतेक आगी माणसाच्या हातच्याच होत्या. कुणी चराईसाठी रान जाळले होते, कुणी जमीन साफ करण्यासाठी. पुढे १९४४ च्या कायद्याने तेथे ग्रामीण अग्निशमन प्राधिकरण आले. आज तेथे उष्णता व वारा यांचा अंदाज पाहून त्या त्या दिवसापुरती संपूर्ण आगबंदी पुकारली जाते. त्या दिवशी उघड्यावर लाकडाची चूलसुद्धा पेटवायची नाही.

आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये सत्तरीत म्हादई अभयारण्याचे डोंगर पेटले, तेव्हा नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना वरून पाणी ओतावे लागले. नेमका याच दिवसांत काजूच्या बागा साफ करून पाचोळा जाळायची आपली जुनी रीत. ती निव्वळ दंडाच्या धाकाने सुटेल, असे मला वाटत नाही. हंगामभराची मनाई माणसे चोरून मोडतात. एका दिवसाची मनाई पाळणे कुणालाही जमते. "आज वारा आहे, आज काडी ओढू नका," एवढी एक ओळ सकाळीच पंचायतीच्या फलकावर लागली, तरी बागायतदार थांबेल. पाचोळा काही पळून जात नाही. डोंगर मात्र एकदा पेटला, की आपल्या हातात राहत नाही.