बर्फात जाणाऱ्यांसाठी आणि घरी वाट पाहणाऱ्यांसाठी: विरळ हवा, थंडी आणि हिमदंश

डिसेंबर-जानेवारीत नांदूरघाट, केज, अंबाजोगाई या भागातली तरुण मुले आता मनालीला जातात, उत्तराखंडातल्या केदारकंठाचा बर्फातला ट्रेक करतात. कुणी लेहला जातो, कुणाची नेमणूक सैन्यात असल्यामुळे थेट हिमरेषेवर होते. निघण्याआधी दवाखान्यात येणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: "डॉक्टर, थंडीसाठी काही गोळ्या द्या." थंडीसाठी गोळी नसते. शिवाय बर्फात त्रास देणारी थंडी ही एकटी नसते, तिच्या जोडीला उंची असते. बीड जिल्ह्यातल्या माणसाला उन्हाचा तडाखा ओळखता येतो, पण या दोन गोष्टींची सवय नसते. आपल्याकडे कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याखाली जात नाही, आणि राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे. केदारकंठाचा ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गावच त्याहून उंचावर आहे, आणि शिखर सुमारे ३८०० मीटरवर.

सपाटीवरचा माणूस उंचीवर टिकत नाही, असे मात्र समजू नका. छत्रपती संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टच्या शिखराजवळ पोहोचून खराब हवामानामुळे मागे फिरल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा जाऊन शिखरावर पोहोचल्या. शरीर उंचीशी जुळवून घेते. त्याला दिवस द्यावे लागतात, एवढेच.

उंचीचा त्रास कसा होतो

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखेच असते, पण वर हवेचा दाब कमी होतो. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश भरतो. शरीर जोरात श्वास घेऊन ही उणीव भरून काढू लागते, पण हे जुळायला काही दिवस लागतात. २५०० मीटरच्या वर, पोहोचल्यापासून साधारण ६ ते १२ तासांत डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, थकवा, झोप न लागणे असा त्रास सुरू होऊ शकतो. याला विरळ हवेचा आजार म्हणू. तो कमकुवत माणसालाच होतो हा गैरसमज आहे. रोज तालमीत जाणाऱ्यालाही होतो. उलट तोच अंगातल्या ताकदीच्या भरवशावर जास्त वेगाने चढतो.

हा आजार भारतीय डॉक्टरांनी फार जवळून पाहिलेला आहे. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास मैदानी प्रदेशातले जवान घाईने उंचावर न्यावे लागले. अशा १९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो जगभर वाचला गेला. आज सैन्यात ९००० फुटांच्या वर जाणाऱ्या जवानाला पहिल्या टप्प्यावर ६ दिवस, १२००० फुटांच्या वर आणखी ४ दिवस आणि १५००० च्या वर पुन्हा ४ दिवस थांबवून मग कामाला लावतात. प्रशिक्षित जवानाला पहिल्याच टप्प्यावर सहा दिवस दिले जातात. आपण पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून लेह असे विमानाने एका दिवसात पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खारदुंग ला पाहायला गाडी ठरवतो. केदारनाथला (सुमारे ३५८० मीटर) हेलिकॉप्टरने जाणाऱ्या आजी-आजोबांचेही तेच होते.

सहलीपुरता नियम सोपा आहे. विमानाने थेट उंचावर उतरलात तर पहिले दोन दिवस गावातच थांबा. ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचीवर नसावा, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलात तर चालते. डोके दुखत असेल तर त्या दिवशी आणखी वर जायचे नाही.

ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी शरीराला लवकर जुळवून घ्यायला मदत करते. प्रौढांना प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. सल्फा औषधाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त होते, त्यामुळे घाबरू नका. कापराची पुडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटे पुरतो. डबा संपला की त्रास तिथेच असतो, आणि मधल्या वेळात खाली उतरायला उशीर झालेला असतो.

आता धोक्याच्या दोन खुणा, ज्या पाठ असाव्यात. पहिली, मेंदूला सूज: माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा सारखा झोपतो. त्याला सरळ रेषेत टाचेला बोटे लावून चालायला सांगा. तोल गेला तर दुसरी कुठलीही तपासणी नको. दुसरी, फुप्फुसात पाणी: नुसते बसलेले असतानाही धाप लागते, खोकला येतो, छातीत खरखर ऐकू येते, ओठ निळसर पडतात. हा त्रास बहुधा उंचावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री वाढतो, आणि उंचीमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये याचाच वाटा सर्वांत मोठा आहे. सर्दी-खोकला समजून रात्र काढू नका. दोन्हींवर उपाय एकच: ताबडतोब खाली उतरणे, अंधार असला तरी, सोबत माणूस देऊन. ऑक्सिजन आणि औषधे मिळाली तर द्यावीत, पण त्यांच्यासाठी थांबू नये. हजार मीटर उतरल्यावर बरेचदा फरक दिसू लागतो.

अडचण अशी की ज्याचा मेंदू सुजतो आहे त्याला ते कळत नाही. "मी ठीक आहे, तुम्ही पुढे व्हा" असे तोच सांगतो. म्हणून निर्णय सोबत्याने घ्यायचा, आणि ही गोष्ट गट निघण्याआधीच एकमेकांत बोलून ठेवायची.

घरच्यांनो, फोनवर काय ऐकायचे

इथे नांदूरघाटला बसूनही तुमचा उपयोग होऊ शकतो. रोज संध्याकाळी फोन येतो तेव्हा "जेवलास का" हा आपला नेहमीचा प्रश्न विचाराच, कारण उंचीवर भूक मरणे ही पहिली खूण असते. मग डोके दुखते का, झोप लागली का, बसल्या जागी दम लागतो का, हे विचारा. वाक्य मध्येच तुटत असेल, जीभ जड वाटत असेल, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. फोन सोबतच्या मित्राला किंवा गाइडला द्यायला सांगा आणि त्याच्याशी बोला. त्यासाठी गाइडचा नंबर निघण्यापूर्वीच घरात लिहून ठेवलेला हवा. हिमाचल आणि उत्तराखंडातही रुग्णवाहिकेसाठी १०८ लागतो. रेंज नसलेल्या मुक्कामाची माहिती आधीच घेऊन ठेवलीत तर फोन न आल्याची काळजीही कमी होईल.

अंग गार पडणे

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी जोरात हुडहुडी भरते. मग बोटांना बटण लावता येत नाही, पाय अडखळतात, शब्द नीट फुटत नाहीत. त्यानंतर हुडहुडी थांबते. सोबतच्यांना वाटते, बरे वाटले असेल. खरे तर शरीराचे इंधन संपत आलेले असते आणि ही सर्वांत धोक्याची वेळ असते.

ओले कपडे हे याचे मोठे कारण. सुती बनियन घामाने भिजते आणि अंगावर गारठते. आतून घाम बाहेर सोडणारा कपडा, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा-पाणी अडवणारे जॅकेट, असे तीन थर ठेवा. आपल्या धनगरांची घोंगडी भिजली तरी ऊब देते, त्याचे कारण लोकर. रुग्णाला वाऱ्यापासून आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, जमिनीपासून अलग ठेवा, डोके झाका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम पेय द्या. दारू देऊ नका. तिने गरम वाटते, पण त्वचेतून उष्णता निघून जाते. बेशुद्ध माणसाला हळुवार उचला, धसका बसला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी, कोळसा पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यानेही डोकेच दुखते, आणि लोक ते उंचीचे समजून पडून राहतात.

हिमदंश: काय करावे, आणि घाईने काय करू नये

शून्याखालच्या थंडीत बोटे, नाक, कानाच्या पाळ्या यांतले पाणी गोठते, रक्तवाहिन्या आकसतात. आधी टोचते, दुखते. मग दुखणे थांबते. पुस्तकात "त्वचा पांढरी पडते" असे लिहिलेले असते, पण सावळ्या त्वचेवर ते लवकर दिसत नाही. म्हणून हात लावून पाहा: भाग कडक, थंड आणि बधिर लागतो का. घट्ट बूट, दोन-दोन मोजे कोंबून घातलेले बूट, ओले हातमोजे, बिडी-सिगारेट आणि तंबाखू, सगळ्यांनी हा धोका वाढतो. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, मग ती मळून खाल्लेली का असेना.

बर्फाने किंवा हाताने चोळू नका. शेकोटीवर धरू नका; बधिर बोटाला भाजल्याचे कळत नाही आणि एकाच जागी दोन जखमा होतात. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, म्हणजे अजून बर्फातून चालायचे असेल, तर मुद्दाम वितळवू नका. सुरक्षित निवाऱ्यात पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात, भाग मऊ होऊन रंग परत येईपर्यंत, साधारण अर्धा तास बुडवून ठेवा. थर्मामीटर नसेल तर बाळाच्या अंघोळीचे पाणी जसे कोपराने पाहतो तसे, दुसऱ्या निरोगी माणसाने पाहावे. वितळताना फार दुखते, म्हणून वेदनाशामक आधी द्यावे. फोड फोडू नका. बोटांमध्ये कोरडी पट्टी ठेवून सैल बांधा. बोटे वितळल्यावरही काळी-निळी, बधिर राहिली तर मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या. रक्तवाहिन्या मोकळ्या करणारी काही औषधे पहिल्या २४ तासांत दिली तरच पुरेशी उपयोगी पडतात. गावी जाऊन दाखवू, असे म्हणून दोन दिवस प्रवासात घालवू नका.

आणि गावी परतल्यावर? बोटाचे टोक काळे पडले, की घरात पहिला शब्द येतो "कापावे लागणार". बहुतेक वेळा लगेच कापायचे नसते. वरून काळे दिसते त्याच्या आत जिवंत भाग असू शकतो, आणि मेलेला-जिवंत यांची सीमा स्पष्ट व्हायला आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. तोवर भाग कोरडा, स्वच्छ, उंच ठेवायचा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे, तंबाखू बंद करायची. हळद-तेलाचा लेप, गरम पाण्याचा शेक, घट्ट पट्टी नको. पू, दुर्गंधी, ताप, वर सरकणारी लाली यांपैकी काही दिसले तर मात्र एक दिवसही थांबू नका. केजच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात जा. आपल्या भागातल्या डॉक्टरांनी हिमदंश क्वचितच पाहिलेला असतो. कुठे, किती वेळ, किती उंचीवर गोठले आणि कसे वितळवले, हे कागदावर लिहून न्या. रोज काढलेले फोटोही कामी येतात.

डोळे

बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परत फेकतो. ढगाळ दिवशीही. चष्मा न घालता फिरलात तर ६ ते १२ तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. अंधाऱ्या खोलीत विश्रांती, थंड पट्टी आणि वेदनाशामक यांनी दोन-तीन दिवसांत बरे होते. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. बधिर करणारे थेंब वारंवार घालू नका. चष्मा बाजूनेही झाकणारा हवा.

आधीपासून आजार असेल तर

मधुमेहींनी इन्सुलिन कपड्यांच्या आत, अंगालगत ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. ग्लुकोमीटर थंडीत चुकीचा आकडा दाखवतो. पायांना आधीच मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर हिमदंश झाल्याचे कळणारच नाही, अशांनी बर्फात चालायचा ट्रेक टाळावा. थंडीने रक्तदाब वाढतो, म्हणून गोळ्या चुकवू नका. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल तर तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना उंचीचा आकडा सांगूनच परवानगी घ्या. दम्याचा पंप आतल्या खिशात ठेवा. ज्या बायका-मुलींना चालताना दम लागतो त्यांनी आधी हिमोग्लोबिन तपासावे. सिकलसेल असलेल्यांनी, अगदी फक्त वाहक असलेल्यांनीही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. लहान मूल डोके दुखते असे सांगत नाही. ते खेळायचे थांबते, किरकिर करते, दूध नाकारते. एवढ्यावरच खाली उतरा.

परतल्यावर हाता-पायाची बोटे काही आठवडे बधिर वाटणे, थंड पाण्याने झोंबणे हे होऊ शकते. एकदा हिमदंश झालेला भाग पुढे अनेक वर्षे थंडीला हळवा राहतो. पहाटे उसाला पाणी द्यायला जाताना त्या पायात कोरडे मोजे आणि गमबूट घाला.