राक्षस सांगलीचा, भूत एदोचे

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. त्या परंपरेतील पौराणिक नाटकांना पुढे 'अललडुर्र' हे नाव पडले, ते आरोळ्या ठोकत येणाऱ्या राक्षसांमुळे. म्हणजे मराठी रंगभूमीवर भय आरंभापासूनच होते. मग त्या राक्षसातून भयपट का उपजला नाही?

भाव्यांच्या अठराच वर्षे आधी, १८२५ मध्ये, एदोत (आजच्या तोक्योत) चौथ्या त्सुरुया नानबोकूचे 'योत्सुया काइदान' हे काबुकी नाटक रंगले. पतीने दगा दिलेली, विषाने विद्रूप झालेली ओइवा त्यात मृत्यूनंतर सूड घेते. नोबुओ नाकागावाने १९५९ मध्ये त्यावर केलेला चित्रपट अभिजात मानला जातो. हिदेओ नाकाताच्या 'रिंगु'मधली (१९९८) विहिरीतून वर येणारी सादाको ओइवाच्याच कुळातली.

आम्हांला फरक दिसतो तो असा: राक्षस बाहेरून येतो, देवाच्या हातून मरतो आणि प्रेक्षक निर्धास्त घरी जातो. ओइवा घरातल्याच अन्यायातून उठते. सातारा-सांगलीकडच्या लोकसमजुतींत बाळंतपणात मेलेली हडळ होतीच. पुराणांवर पोसलेल्या रंगभूमीने तिला प्रवेश दिला नाही, इतकेच.

तो प्रवेश उशिरा मिळाला. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त गरोदर स्त्री आहे, उसाने वेढलेले घर आहे आणि भुतांमागे मुलींच्या हत्या आहेत. हा चित्रपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ येथे १९ भ्रूण पुरलेले सापडले होते. त्यांचा वध करायला कोणताही राक्षस बाहेरून आलेला नव्हता.