पाण्याखालचा उजेड

छायाचित्रकलेचे सारे वैभव उजेडावर उभे आहे आणि पाणी हा तर उजेडाचा हाडवैरी. सूर्याचा पांढरा किरण समुद्रात शिरला की पहिल्या काही मीटरांतच त्यातला तांबडा रंग विरून जातो. मागोमाग नारिंगी जातो, मग पिवळा. शेवटी उरतो तो निळसर धूसरपणा. खोल पाण्यात बोट कापले तर रक्तदेखील हिरवट दिसते. अशा या बेइमान माध्यमात कॅमेरा घेऊन उतरण्याची बुद्धी माणसाला व्हावी, आणि त्या खटाटोपातून एक कला जन्माला यावी, हे नवलच म्हटले पाहिजे.

आरंभ मात्र कलेच्या ओढीने झाला नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथ येथे विल्यम टॉमसन नावाचा एक वकील राहत असे. वकिली हा त्याचा धंदा आणि निसर्गाभ्यास हे व्यसन. पाण्यात बुडालेले पुलांचे खांब व धक्के कोणत्या स्थितीत आहेत, ते कमी खर्चात पाहता येईल, असा त्याचा व्यवहारी हिशेब होता. १८५६ साली त्याने एका लाकडी पेटीत कॅमेरा बसवला, ती पेटी होडीतून तळाशी सोडली आणि वरूनच दोरी ओढून झडप उघडली. पेटीत पाणी शिरले. तरीही काचेवर तळाची वाळू आणि दगडगोटे यांची पुसट छाया उमटली. समुद्राने दिलेले ते पहिले चित्र. पण टॉमसन स्वतः कोरडाच राहिला होता.

कॅमेऱ्याबरोबर माणूसही खाली गेला तो १८९३ मध्ये. फ्रान्सच्या दक्षिणेस बान्युल्स येथील सागरी प्रयोगशाळेत लुई बूताँ हा प्राणिशास्त्रज्ञ काम करीत होता. पाणबुड्याचा जड पोशाख चढवून तो तळाशी उतरे. तिथे जे दिसे ते वर येऊन शब्दांत सांगता येईना, तेव्हा त्याने चित्राचा आश्रय घेतला. त्याचा भाऊ ऑग्यूस्त इंजिनिअर होता. त्याने जलरोधक पेटी घडवून दिली. नैसर्गिक उजेडात एकेका चित्राला अर्धा अर्धा तास लागे. तेवढा वेळ मासा काही फोटोसाठी थांबत नाही! म्हणून बूताँने एका मोठ्या पिंपावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा पेटवला आणि रबरी फुग्याने त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची भुकटी फुंकण्याची युक्ती काढली. पाण्याच्या पोटात वीज चमकावी तसा तो प्रकाश असे. १९०० साली या विषयावर त्याने ग्रंथच प्रसिद्ध केला.

पुढची झेप रंगाची. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळील ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगले व चार्ल्स मार्टिन या दोघांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. मॅग्नेशियमची भुकटी तराफ्यावर ठेवून तिचा भडका उडवायचा आणि त्याच क्षणी खालचा कॅमेरा उघडायचा, असा तो जिवावरचा खेळ होता. ती चित्रे जानेवारी १९२७ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये झळकली.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. भडक्याच्या उजेडात माशाचे जे रंग प्रकटले, ते त्या पाण्यातून पाहणाऱ्या डोळ्याला तसे कधी दिसतच नव्हते. मग खरे चित्र कोणते? पाणबुड्याला दिसणारा करडा-निळा मासा की कॅमेऱ्याने उजळलेला रंगीत मासा? शास्त्रज्ञ म्हणेल, रंग माशाच्या अंगी आहेत, मी फक्त दिवा लावला. कलावंत म्हणेल, अरे, पाणीही त्या दृश्याचाच भाग आहे. ते पुसून टाकण्याचा अधिकार तुला कोणी दिला?

हे दुसरे उत्तर पाण्यात न उतरताच एकाने दिले होते. आंद्रे केर्तेस हा हंगेरियन शिपाई पहिल्या महायुद्धात जखमी झाला होता. १९१७ मध्ये एस्तेरगोम येथे त्याने तलावात पोहणाऱ्याचे चित्र काठावरून टिपले. पाण्याच्या हालचालीने ते शरीर लांबले आहे, मोडले आहे, त्यावर प्रकाशाच्या रेघा नाचत आहेत. शास्त्राच्या दृष्टीने तो दोष. केर्तेसला त्यातच चित्र सापडले.

तीस वर्षांनी, १९४७ मध्ये, टोनी फ्रिसेल या अमेरिकन छायाचित्रकर्तीने फ्लोरिडातील वीकी वाची या नितळ झऱ्यात तीच वाट पुढे नेली. लांब पांढऱ्या झग्यातील एक स्त्री पाण्यात तरंगते आहे; कॅमेरा तिच्या खालून पाहतो; चेहरा पृष्ठभागापलीकडे गेल्यामुळे दिसत नाही. चित्र निघाले फॅशनच्या मासिकासाठी, पण पोशाखाकडे पाहणाऱ्याचे लक्ष राहतच नाही. ती बुडते आहे की वर येते आहे? निद्रा आहे की मृत्यू? पाण्याने तिचे वजन हरण केले आणि त्याबरोबर आपली खात्रीही. या चित्रात रंग नाही, मासा नाही, माहिती तर मुळीच नाही. तरी ते विसरता येत नाही.

दरम्यान साधने सुलभ होत गेली. १९४३ मध्ये कुस्तो व गान्याँ यांनी श्वसनयंत्र सिद्ध केले आणि पाणबुड्याची हवेच्या नळीतून सुटका झाली. १९६३ मध्ये निकॉनचा ‘निकोनॉस’ हा वेगळ्या पेटीवाचून पाण्यात नेता येणारा कॅमेरा बाजारात आला. आज मालवणला आलेला पर्यटकही समुद्रातली आपली छबी घेऊन घरी जातो. साधन सर्वांच्या हाती आल्यावर कलावंताला वेगळे काही शोधावेच लागते. २०११ मध्ये आंद्रेआस फ्रांके या ऑस्ट्रियन छायाचित्रकाराने की वेस्टजवळ मुद्दाम बुडवलेल्या ‘व्हॅन्डनबर्ग’ या जहाजावर, समुद्राच्या तळाशीच, आपले प्रदर्शन मांडले. समुद्राने त्या चित्रांवर शेवाळ चढवले, डाग पाडले; जणू आपली सही केली. पाण्याशी दीडशे वर्षे चाललेले भांडण येथे तहावर आले, असे म्हणावयास हरकत नाही.

पण तह झाला म्हणून हिशेब मिटला नाही. लाँगलेने ज्या बेटांपाशी रंग टिपले, त्याच फ्लोरिडाच्या द्वीपमालेत २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र इतका तापला की पोवळ्यांचे रंग उडाले, प्रवाळ पांढरेफटक पडले. आणि दुःखाची गोष्ट अशी की, पांढरे पडलेले प्रवाळ छायाचित्रात अतिशय सुंदर दिसते. जे सुंदर दिसते ते मरते आहे, हे चित्र आपण होऊन सांगत नाही. बूताँ तळाशी गेला तो जे दिसले त्याची साक्ष देण्यासाठी; फ्रिसेलने साक्षीपलीकडचे गूढ दाखवले. आजच्या कलावंताला या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात साधावयाच्या आहेत, आणि हे काम मॅग्नेशियमच्या भडक्यापेक्षाही अवघड आहे.