गोचिडीसाठी घातलेलं कुंपण

टेक्सासची गुरं दिसायला धडधाकट असायची. पण त्यांचा कळप उत्तरेच्या बाजाराकडे ज्या वाटेनं जायचा, त्या वाटेवरची मिसूरी-कान्सासची गुरं काही आठवड्यांत तापायची, लाल मुतायची आणि मरायची. तिथले शेतकरी मग बंदुका घेऊन टेक्सासच्या कळपांची वाट अडवत. दोष कुणी लाळेला दिला, कुणी गवताला. १८९३ मध्ये अमेरिकेच्या पशुउद्योग खात्यातल्या थिओबाल्ड स्मिथ आणि किलबॉर्न यांनी खरा चोर पकडून दिला: गोचीड. रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा माग काढला, त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट.

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामधली आजची नऊ मीटर उंच पोलादी भिंत या गोचिडीच्या कुळातली आहे.

भिंतीआधी तिथे नुसती रेषा होती. सरहद्दीवरची माणसं आजही तिला ‘ला लीनेआ’, म्हणजे रेषाच म्हणतात. १८४८ च्या तहानं ती आखली, १८५३ च्या जमीनखरेदीनं दक्षिणेला सरकवली. लांबी सुमारे ३,१४५ किलोमीटर. त्यातला दोन तृतीयांश भाग रिओ ग्रांदे नदीतून जातो, उरलेला बहुतेक वाळवंटातून आणि डोंगरांतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कोरड्या भागावर २५८ खांब उभे होते. दोन खांबांच्या मध्ये काही नव्हतं. गुरं चरत चरत या देशातून त्या देशात जात, आणि गोचिड्या त्यांच्याबरोबर.

१९०६ पासून अमेरिकेनं गोचीड निर्मूलनाची मोहीम उघडली. गुरं आर्सेनिकच्या हौदातून पोहवून काढायची, असा तिचा खाक्या. पण इकडे धुतलेल्या गुरात तिकडचं एखादं शिरलं की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून १९०९ ते १९११ या काळात पशुउद्योग खात्यानं कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीवर तारेचं कुंपण घातलं. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं या सरहद्दीवर घातलेलं हे पहिलं कुंपण. माणूस त्याच्या हिशेबातच नव्हता.

तो हिशेबात यायला फार वेळ लागला नाही. मेक्सिकोत क्रांती पेटली, माणसं उत्तरेकडे निघाली. जानेवारी १९१७ मध्ये एल पासोच्या पुलावर मेक्सिकन मजुरांना टायफसच्या, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाच्या भीतीनं सक्तीची आंघोळ घालायला सुरुवात झाली. कार्मेलिता टोरेस नावाच्या सतरा वर्षांच्या मोलकरणीनं नकार दिला आणि तिच्यामागे शेकडो बायका रस्त्यावर उतरल्या. गुरांच्या हौदाची रीत माणसांपर्यंत पोहोचली होती. पुढच्याच वर्षी नोगालेस या एका रस्त्यानं दोन देशांत विभागलेल्या गावात गोळीबार झाला आणि त्या रस्त्यात कुंपण आलं. १९२४ मध्ये सरहद्द गस्तीदल स्थापन झालं.

पुढच्या पिढ्यांचं सामान कुठून आलं, हे पाहण्यासारखं आहे. १९४५ मध्ये कॅलेक्सिकोला जाळीचं कुंपण घातलं, त्याची जाळी टेक्सासातल्या क्रिस्टल सिटीच्या छावणीतून उचलून आणलेली होती. युद्धकाळात जपानी वंशाच्या कुटुंबांना जिथे डांबलं होतं, तीच ही छावणी. १९९० नंतर सान दिएगोजवळ पत्रे उभे राहिले, ते व्हिएतनाम युद्धाच्या काळात विमानं-हेलिकॉप्टरं उतरवायला जमिनीवर अंथरण्यासाठी बनवलेले. गुरांची तार, छावणीची जाळी, युद्धाचे पत्रे: प्रत्येक पिढी आधीच्या भीतीचं भंगार नेसून आली.

१ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा मुक्त व्यापार करार लागू झाला. त्याच वर्षी सान दिएगोत पहारा आवळला. मालाला वाट मोकळी झाली, माणसाची बंद झाली. शहरं अडवली की लोक वाळवंटाला घाबरून परततील, असा होरा होता. लोक वाळवंटात शिरले. तेव्हापासून उन्हानं आणि तहानेनं हजारो माणसं तिथे मेली.

पण भिंतीचं सर्वांत मोठं राजकीय काम कागदावर झालं. २००५ च्या एका कायद्यानं अंतर्गत सुरक्षा मंत्र्याला अधिकार दिला, की भिंतीच्या आड येणारा कुठलाही कायदा त्यानं बाजूला ठेवावा. २००८ मध्ये मंत्री मायकेल चेर्टॉफ यांनी एका फटक्यात तीसहून अधिक कायदे बाजूला ठेवले. दुर्मीळ प्राण्यांचा, पाण्याचा, थडग्यांच्या रक्षणाचा, असे सगळे. ट्रम्प यांनी तेच हत्यार वापरलं आणि भिंतीला विरोध करून निवडून आलेल्या बायडन यांच्या सरकारनंही २०२३ मध्ये टेक्सासात २६ कायदे बाजूला ठेवले.

पाणी मात्र असं बाजूला ठेवता येत नाही. नदीचा प्रवाह अडेल असं बांधकाम करायचं नाही, असा दोन्ही देशांचा १९७० चा करार आहे. जुलै २००८ मध्ये नोगालेसच्या नाल्यात घातलेल्या काँक्रीटच्या अडसरामुळे पाणी तुंबलं आणि मेक्सिकोकडचं गाव बुडालं. २०११ मध्ये ॲरिझोनातल्या ऑर्गन पाइप या संरक्षित क्षेत्रात पुरानं कुंपणाचा बारा मीटरचा तुकडाच उखडून नेला.

टेक्सासात नदीपात्रात भिंत उभी राहत नाही, म्हणून ती आत, पूररेषेच्या बांधावर सरकवली. भिंत आणि नदी यांच्यामध्ये अमेरिकेच्याच नागरिकांची शेतं अडकली. मालकांना स्वतःच्या शिवारात जायला फाटकाचा आकडा दाबावा लागतो. कुंपण शेत खातं, ही म्हण तिथे शब्दशः खरी झाली.

पश्चिमेकडे पोलादी खांबांमध्ये जेमतेम दहा सेंटिमीटरची फट असते. त्यातून सरडा जातो, ससा जाईलच असं नाही, जग्वार नक्कीच नाही. ॲरिझोनात प्रसिद्ध झालेला ‘एल हेफे’ हा नर जग्वार २०२१ मध्ये पुन्हा मेक्सिकोत दिसला. उत्तरेकडे जग्वारची मादी १९६३ नंतर आढळलेली नाही. ती आली तर दक्षिणेकडूनच येणार, आणि येण्याच्या वाटा एकेक करून बुजत आहेत. काही ठिकाणी बारक्या प्राण्यांसाठी भोकं ठेवली आहेत. आकार साधारण कागदाच्या पानाएवढा.

आणि गोचीड? १९४३ मध्ये ती जवळपास संपली, फक्त रिओ ग्रांदेच्या काठाचा एक पट्टा सोडून. तिथे अजून घोडेस्वार निरीक्षक गस्त घालतात. आता गोचीड हरणांवर बसून येते आणि नीलगायीवर. होय, विदर्भातला शेतकरी जिला रोही म्हणतो आणि पिकावरून हाकलत रात्र जागवतो, तीच. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ती शिकारीसाठी टेक्सासातल्या किंग रँचवर सोडली गेली. तिथे ती फोफावली आणि कुंपणांखालून घुसायलाही शिकली.

घोडेस्वाराला एखादं जनावर सापडलं, की तो त्याच्या गळ्याखालून, काखेतून, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवतो. शंभर वर्षांची तार, जाळी, पत्रे आणि पोलाद झाल्यावरही गोचीड लागते ती हातालाच.